न लिहिलेलं परीक्षण

मागच्या वर्षी गणपतीच्या सुट्टीला दोन्ही नातवंडं बेळगावला आली होती. नात अकरावीत, नातू तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. दुपारी मी बस्तीतून परत आले तर नात सोप्यावर पाय पसरून मोबाइलवर बंदुकांचा कसला तरी खेळ खेळत बसलेली. चार-चार जणांची टोळी करायची, एकमेकांशी बोलत बोलत खेळायचं, असा तो खेळ. पण ही आपली गप्प. आणि पडद्यावर तिच्या नावाच्या जागी कुणा मुलाचं नाव.

"हे कुणाचं नाव ग?"

"माझंच. खेळातलं."

"मुलाचं?"

"आवाज बंद ठेवते नि नाव मुलाचं लावते, आज्जी. मुलगी आहे म्हणून कळलं की सुरू होतात."

काय सुरू होतात ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कॉलेजची सगळी वर्षं मी लाल बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं बॅग छातीशी धरून उभ्यानं प्रवास केलाय. मला ते विचारावं लागत नाही, तुम्हालाही लागणार नाही.

नातू तिथंच चिवडा खात बसला होता. मुलगा वाईट नाही. घरात कुणाला उलटं बोलत नाही, आईच्या हातातलं काम काढून घेतो. तो म्हणाला, "पण आज्जी, काही बायकापण तशाच असतात. अमेरिकेत एक होती. तिनं गेम काढली, आणि चांगलं परीक्षण छापून यावं म्हणून पत्रकाराशी लफडं केलं. त्यावरनं केवढं मोठं भांडण झालं. गेमरगेट म्हणतात त्याला." कुठं वाचलंस, म्हटलं. वाचलं नव्हतं, व्हिडिओ बघितला होता. ही गोष्ट २०१४ सालची. तेव्हा हा दुसरीत होता.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. खोड जात नाही. म्हटलं, "ते परीक्षण तू वाचलंस काय?"

"नाही."

"मग शोध. बघू तरी काय लिहिलं होतं."

त्यानं शोधायला घेतलं. चहा झाला, दिवाबत्ती झाली, जेवणं आटोपली. रात्री नऊला म्हणाला, "सापडत नाही. काढून टाकलं असेल." काढून टाकलेल्या कागदाचीसुद्धा कुठं ना कुठं खूण राहते, असं मी वर्गात सांगत आले. या कागदाची खूण कुठंच नव्हती, कारण तो कागद कधी नव्हताच. पुढचे काही महिने मी या प्रकरणाच्या मागं लागले. त्यातलं जे पक्कं हाती आलं ते इथं लिहिते.

आधी थोडं मागं जायला हवं. कारण या सगळ्या भांडणाच्या तळाशी एक समजूत आहे, की व्हिडिओ गेम हे मुलांचं घर आणि बायका त्यात मागाहून घुसल्या. तसं नव्हतं. १९८० साली रोबर्टा विल्यम्स या बाईंनी नवऱ्याबरोबर 'मिस्ट्री हाउस' नावाचा चित्रांचा संगणक-खेळ केला, पुढं 'किंग्ज क्वेस्ट' केला, आणि त्यांची कंपनी या धंद्यातली मोठी कंपनी झाली. १९८१ सालच्या 'सेंटिपीड' या गाजलेल्या खेळाच्या दोन कर्त्यांपैकी एक डोना बेली होत्या. १९८२ चा 'रिव्हर रेड' कॅरल शॉ यांनी लिहिला. मग १९८३ मध्ये अमेरिकेतला हा सगळा बाजार कोसळला. दोन-तीन वर्षांनी जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं तो पुन्हा उभा केला तेव्हा दुकानदार व्हिडिओ गेम म्हटलं की नको म्हणत होते, म्हणून तो माल खेळणं म्हणून विकला गेला. आणि खेळण्याच्या दुकानात एक रांग मुलांची, एक मुलींची. हा माल मुलांच्या रांगेत गेला. जाहिराती मुलांच्या, मासिकं मुलांची. १९८९ साली आलेल्या हातातल्या यंत्राचं नावच 'गेम बॉय'. दोन पिढ्या त्यात वाढल्या आणि त्यांना ते घर वडिलोपार्जित वाटायला लागलं. २०१४ साली तिथल्या गेम उद्योगाच्या संघटनेनं मोजदाद केली तर खेळणाऱ्यांत ४८ टक्के मुली-बायका होत्या, आणि प्रौढ बायकांची संख्या शाळकरी मुलांहून जास्त होती. घर केव्हाच सामाईक झालेलं. फक्त सातबाऱ्यावर नावं चढलेली नव्हती.

आता ती गोष्ट. झोई क्विन यांनी दोघांच्या मदतीनं २०१३ मध्ये 'डिप्रेशन क्वेस्ट' नावाचा खेळ काढला. फुकट. त्यात बंदूक नाही, उड्या नाहीत, धावपळ नाही. नैराश्यानं ग्रासलेल्या एका माणसाचे दिवस आपण वाचत जायचे आणि पुढं काय करायचं ते निवडायचं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडली. 'मित्राला फोन करतो', 'उठून आवरतो' असे शहाण्यासारखे पर्याय पडद्यावर दिसतात, पण त्यांच्यावर रेघ मारलेली असते. ते दिसतात आणि निवडता येत नाहीत. माझ्या धाकट्या जावेनं बाळंतपणानंतर दोन वर्षं अशीच काढली. "उठून जरा बाहेर जा की," असं आम्ही सगळे सांगत होतो, आणि तिच्या त्या पर्यायावर रेघ मारलेली आहे हे कुणाला दिसत नव्हतं. पण बंदुकांच्या खेळावर वाढलेल्या पुष्कळांना हा खेळच वाटेना. याला गेम म्हणायचं कशाला, याचं कौतुक कशाला, अशी कुरबुर आधीपासून होतीच.

(क्विन यांनी पुढं आपण बाई नाही नि पुरुषही नाही असं सांगितलं. पण २०१४ मध्ये लोक त्यांच्या अंगावर आले ते त्यांना बाई समजूनच, म्हणून हे प्रकरण बायकांच्या वाट्याचं.)

१६ ऑगस्ट २०१४ ला क्विन यांच्या आधीच्या मित्रानं इंटरनेटवर एक लांबलचक लेख टाकला. दोघांतल्या खासगी गोष्टी, भांडणं, एकमेकांना पाठवलेले निरोप, सगळं चव्हाट्यावर. आपल्याकडं श्रावकाच्या सत्यव्रताला लागणारे दोष सांगितलेत. त्यात स्त्री-पुरुषांनी एकांतात केलेलं-बोललेलं बाहेर सांगणं याला वेगळं नाव आहे, रहोभ्याख्यान. दुसऱ्याच्या नावानं खोटा लेख करणं हा निराळा दोष, कूटलेखक्रिया. लहानपणी पाठशाळेत पंडितजींनी हे पाठ करून घेतलं तेव्हा मला वाटायचं, खरी घडलेली गोष्ट सांगितली तर सत्यव्रताला दोष कसा लागेल? ते साठीनंतर कळलं.

त्या लेखात एका पत्रकाराचं नाव होतं. तो 'कोटाकू' नावाच्या गेमविषयक नियतकालिकात लिहायचा. झालं. चांगल्या परीक्षणासाठी संबंध ठेवले, ही कंडी दोन दिवसांत पिकली. २० ऑगस्टला संपादक स्टीफन टोटिलो यांनी जाहीर खुलासा केला: या पत्रकारानं आमच्याकडं त्या खेळाचं परीक्षण कधीच लिहिलेलं नाही. क्विन यांचा उल्लेख असलेला त्याचा एकच लेख, ३१ मार्चचा, तोही एका फसलेल्या टीव्ही-कार्यक्रमाबद्दल. आणि दोघांचा संबंध सुरू झाला एप्रिलमध्ये. त्याच्याही आधी, जानेवारीत, त्यानं दुसऱ्या एका ठिकाणी पन्नास नव्या खेळांची बातमी लिहिली होती, तिच्यात 'डिप्रेशन क्वेस्ट'चा उल्लेख आहे. एवढंच. जे वाचायचं ते सगळं समोर होतं, तासाभराचं काम. पण वाचायचं कुणाला होतं?

२७ ऑगस्टला अॅडम बाल्डविन या नटानं ट्विटरवर या भांडणाला 'गेमरगेट' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. ('गेट' हे वॉटरगेटचं शेपूट. निक्सनच्या काळापासून अमेरिकेत प्रत्येक भानगडीला ते लावतात.) तोवर क्विन यांचा पत्ता, फोन, जुने नागडे फोटो सगळीकडं पसरले होते. जिवे मारण्याच्या नि बलात्काराच्या धमक्या येत होत्या, घरच्यांनाही फोन जात होते. राहतं घर सोडून मित्रांकडं दिवस काढायची पाळी आली. ज्या पत्रकारानं ते न लिहिलेलं परीक्षण लिहिलं म्हणायचं, त्याच्या वाट्याला याच्या पासंगालाही पुरेल एवढं आलं नाही. नीतीचा प्रश्न असता तर जाब आधी त्याला विचारायला हवा होता, नाही का?

आणि गेमच्या पत्रकारितेत नीतीचा प्रश्न नव्हता असं मी म्हणत नाही. होता, आणि चांगला मोठा होता. २००७ मध्ये 'गेमस्पॉट' या ठिकाणचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच' नावाच्या खेळाला बेताचे गुण दिले. त्याच खेळाच्या जाहिरातींनी तेव्हा ते पान झाकून गेलं होतं. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. जाहिरातदारांच्या दबावाचा त्यात हात होता, हे पाच वर्षांनी त्यांनी स्वतः उघड सांगितलं. ही खरी भानगड. इथं परीक्षण होतं, पैसा होता, शिक्षा होती. वाचक चिडले, थोडे दिवस बोलले. पण कंपनीच्या मालकाला घर सोडून पळावं लागलं नाही, त्याच्या मुलीबाळींचे पत्ते कुणी वाटले नाहीत. फुकट खेळ करणाऱ्या एका एकट्या जिवावर मात्र फौज चालून आली.

ही फौज नीतीची पाटी का घेऊन आली, त्याचा थोडा उलगडा सप्टेंबरात झाला. 'फोरचॅन' म्हणून एक निनावी चावडी आहे. तिथल्या लोकांच्या गप्पांच्या खोलीत क्विन स्वतः गुपचूप जाऊन बसल्या होत्या. तिथलं बोलणं त्यांनी जसंच्या तसं बाहेर काढलं. खोटी खाती कशी उघडायची, पत्रकारितेचा मुद्दा पुढं कसा ठेवायचा, क्विन यांचं आयुष्य कसं उद्ध्वस्त करायचं, असलं बोलणं त्यात होतं. निवडक ओळी काढल्या, असं त्या बाजूचं म्हणणं. निवडक का होईना, त्या ओळी लिहिल्या कुणी?

आता मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट सांगते. ती या प्रकरणाच्या दोन महिने आधीची आहे.

जून २०१४ मध्ये ट्विटरवर एक मागणी उठली, 'फादर्स डे बंद करा'. मागणी करणाऱ्या सगळ्या काळ्या बायका, कट्टर स्त्रीवादी. फोटो त्यांचे, नावं त्यांची. गोऱ्या लोकांत संतापाची लाट आली, एका मोठ्या वाहिनीवर त्यावर चर्चाही झाली. शफीका हडसन नावाच्या एका काळ्या बाईंनी ते वाचलं आणि त्यांना पहिल्या फटक्यात कळलं की हे बोलणं आपलं नाही. शब्द आपल्यासारखे, पण जिथं पडायला हवेत तिथं पडत नाहीत. कुणीतरी बाहेरचा माणूस आपली बोली नकलून बोलतोय. टीव्हीवर एखादा पुण्याचा नट 'काय करालास?' म्हणत बेळगावची बोली बोलायला लागला की आमच्या घरात पहिल्याच वाक्याला हसू फुटतं, तसंच हे. हडसन यांनी मागोवा घेतला. ही खाती बनावट, फोटो उचललेले, आणि सगळं शिजलं होतं फोरचॅनवर.

मग त्यांनी काय केलं, तर या बनावट खात्यांची यादी चव्हाट्यावर मांडायला सुरुवात केली, आणि प्रत्येकाला एकच खूण लावली: 'तुझा परकर दिसतोय'. इंग्रजीत त्या बायकाही एकमेकींना हेच सांगतात! साडीखालून परकर लोंबायला लागला की आपण नाही का मैत्रिणीच्या कानाशी लागून सांगत. मी हे वाचलं तेव्हा एकटीच मोठ्यानं हसले. आयनासा क्रॉकेट आणि इतर बायका मदतीला आल्या, यादी वाढत गेली. आणि ट्विटर कंपनीनं? काही विशेष नाही. या बायकांनी तपास करून, पुरावे लावून, सगळं ताटात वाढून दिलं होतं, पण त्या काळ्या होत्या, नोकरीला कुठं बड्या जागी नव्हत्या, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ऑगस्टात तीच चावडी, तीच रीत क्विन यांच्यावर वापरली गेली. सप्टेंबरात 'स्त्रिया आणि काळे लोकसुद्धा आमच्याच बाजूचे' असं सांगणारी मोहीम निघाली. तिच्यात काही माणसं खरी होती. पण कितीतरी खात्यांचे परकर पुन्हा दिसत होते. हडसन २०२४ मध्ये वारल्या. त्यांचं नाव आपल्याकडं कुणी ऐकलेलं नाही, म्हणून ते मुद्दाम इथं लिहिलं.

दुसऱ्याचा वेश घेऊन भांडण लावायची ही रीत आपल्या देशालाही परकी राहिलेली नाही. १ जानेवारी २०२२ ला मुसलमान बायकांचे फोटो लावून त्यांचा 'लिलाव' मांडणारं एक घाणेरडं अॅप उघडकीला आलं. तपास मुंबई पोलिसांनी केला. ते पसरवणाऱ्या खात्यांना शीख नावं दिलेली होती, म्हणजे राग भलत्याच लोकांवर जावा. सुरुवातीला पकडलेली पोरं अठरा-एकवीस वर्षांची होती. त्यात एक मुलगीही होती.

पुन्हा २०१४ कडं. क्विन एकट्या नव्हत्या. अनिता सार्कीशियन यांनी २०१२ मध्येच व्हिडिओ गेममध्ये बायका कशा दाखवतात यावर फिल्मांची मालिका करायची ठरवून लोकांकडं ६,००० डॉलर मागितले. त्यावर इतकी राळ उडाली की त्यांच्या चित्राला ठोसे मारून तोंड रक्तबंबाळ करायचा एक खेळच कुणीतरी तयार केला. उलट चांगुलपणाही तितकाच: मागितले ६,००० आणि जमले दीड लाखाच्या वर. ऑक्टोबर २०१४ मध्ये यूटा राज्याच्या विद्यापीठात त्यांचं व्याख्यान होतं. आदल्या दिवशी मेल आला, व्याख्यान झालं तर बायकांना गोळ्या घालू. खाली सही मार्क लेपिन. हा १९८९ मध्ये मॉन्ट्रिअलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १४ बायकांना मारून मेलेला माणूस. सार्कीशियन यांनी पोलिसांना विचारलं, दारात झडती घेणार का? परवानाधारकाला बंदूक आत नेण्यापासून अडवता येत नाही, राज्याचा कायदा तसा आहे, हे उत्तर. त्यांनी व्याख्यान रद्द केलं. त्याच आठवड्यात मॅसेच्युसेट्समध्ये ब्रियाना वू या गेम करणाऱ्या बाई धमक्यांमुळं नवऱ्यासह घर सोडून गेल्या होत्या. त्यांचा गुन्हा म्हणजे या लोकांची थट्टा केली.

मोठ्या कंपन्यांचं शौर्यही बघा. इंटेलला हजारो तक्रारी पाठवण्यात आल्या, कारण गेमविषयक एका ठिकाणी एका लेखिकेनं 'गेमर' ही जुनी ओळख आता सरली असं लिहिलं होतं. इंटेलनं १ ऑक्टोबरला तिथली जाहिरात काढून घेतली. ओरड झाल्यावर माफी मागितली. जानेवारीत बायका आणि अल्पसंख्याकांच्या भरतीसाठी ३० कोटी डॉलर जाहीर केले. एफबीआयनंही तपास केला. त्याची कागदपत्रं २०१७ मध्ये बाहेर आली. धमक्या पाठवल्याचं एकानं कबूल केलं होतं. थट्टा म्हणून केलं, म्हणाला. खटला एकावरही झाला नाही.

मी हे सगळं वाचत असताना एक जुनी गोष्ट वर येत राहिली. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आमच्या शाळेत एक तरुण बाई लागल्या होत्या. हुशार, नीटनेटक्या, मोकळं हसणाऱ्या. सहा-सात वर्षांत त्यांना पर्यवेक्षकपद मिळालं. शिक्षकांच्या खोलीत बोलणं सुरू झालं, साहेबांची मर्जी आहे म्हणे. साहेब तपासणीला आले की चहा तिच्याच हातचा लागतो म्हणे. सांगणाऱ्यांत बायकाच जास्त. मी सांगितलं नाही, पण मान हलवली. डबा खाता खाता हसलेही असेन. त्या बाईंनी वर्षभरात बदली करून घेतली. आणि ज्येष्ठतेची यादी ऑफिसच्या बाहेर, पाण्याच्या माठाच्या वर, काचेत लावलेली होती. त्यांच्या पुढं असलेल्या दोघांनी पद नको म्हणून लिहून दिलेलं, ते त्यात नोंदलेलं होतं. आम्ही रोज तिथं पाणी प्यायचो. यादी मी वाचली ती त्या गेल्यावर, माझ्याच वेतनश्रेणीचं काही बघायचं होतं म्हणून.

तेव्हा आमच्याकडं ट्विटर नव्हतं, इतकाच फरक.

गेमरगेट ओसरलं, पण त्यातली माणसं आणि रीत ओसरली नाही. फोरचॅननं या विषयाला बंदी घातली तेव्हा मंडळी 'एटचॅन' नावाच्या त्याहून मोकाट चावडीवर गेली, आणि ती एवढीशी चावडी एकदम फुगली. मार्च २०१९ मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चला मशिदींत ५१ माणसं मारणाऱ्यानं निघण्यापूर्वी निरोप ठेवला तो तिथंच. गेमरगेटमधून सरळ तो खुनी निघाला असं मी म्हणणार नाही, इतिहासाच्या शिक्षकाला ते शोभायचं नाही. पण वस्ती कुणी वसवली, एवढं लक्षात राहतं.

दुसरा धागा स्टीव्ह बॅनन यांचा. हे गृहस्थ एकेकाळी खेळातलं काल्पनिक सोनं खऱ्या डॉलरला विकणाऱ्या कंपनीत होते. चीनमधली पोरं दिवसरात्र खेळून ते सोनं मिळवायची. धंदा बुडाला, पण घरात बसून चिडणाऱ्या लाखो तरुण मुलांची ताकद त्यांनी तिथं बघितली. २०१४ मध्ये ते 'ब्राइटबार्ट' चालवत होते आणि त्यांच्या लेखकांनी गेमरगेट डोक्यावर घेतलं. त्या मुलांना राजकारणात ओढता येतं, असं पुढं त्यांनीच एका पत्रकाराला सांगितलं. २०१६ ला ते ट्रम्प यांच्या प्रचाराचे प्रमुख झाले, मग थेट व्हाइट हाउसात.

आणि एक मरण. विचिटा शहर, २८ डिसेंबर २०१७. 'कॉल ऑफ ड्यूटी' खेळताना दोघांचं दीड डॉलरच्या पैजेवरून वाजलं. एकानं तिसऱ्याला सांगून दुसऱ्याच्या घरी पोलीस पाठवले: इथं खून झालाय, घरच्यांना ओलीस धरलंय, अशी खोटी वर्दी. असल्या खोट्या वर्द्या गेमरगेटच्या वेळीही दिल्या गेल्या होत्या. पण पत्ता जुना होता. त्या घरात आता भलतंच कुटुंब राहत होतं. दोन मुलांचा २८ वर्षांचा बाप बाहेर काय गडबड आहे म्हणून दार उघडून आला आणि पोलिसाच्या गोळीनं उंबऱ्यातच मेला. तो खेळत नव्हता, भांडणातल्या कुणाला ओळखतही नव्हता. वर्दी देणाऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली.

हे मी नातवाला वाचून दाखवलं. विचिटाच्या ठिकाणी तो उठून पाणी प्यायला गेला. परत आल्यावर म्हणाला, "पण आज्जी, त्यात सगळे तसले नव्हते. काही जणांना खरंच पत्रकारांचा राग होता." बरोबर आहे त्याचं. हजारो पोरांना खरंच वाटत होतं की आपण नीतीसाठी भांडतोय. धमक्या देणारे दुसरेच कुणी, आपण सभ्य प्रश्न विचारतोय. पण एकाच माणसाला दहा हजार जणांनी दिवसभर एकच सभ्य प्रश्न विचारला, तर त्या माणसाच्या बाजूनं ते काय असतं? आणि प्रश्नाचं उत्तर २० ऑगस्टलाच मिळालं होतं.

डिसेंबरात त्याचा फोन आला. पुन्हा एक व्हिडिओ. कॅनडातली 'स्वीट बेबी' म्हणून एक छोटी कंपनी आहे, मॉन्ट्रिअलची, खेळांच्या कथा लिहायला मदत करते. २०२४ पासून तिच्यावर हेच चाललंय. काळी पात्रं, बायका हे सगळं खेळांत बळजबरीनं हीच मूठभर माणसं घुसडतात, म्हणे. एवढ्या बड्या बड्या कंपन्या मूठभर माणसांच्या धाकात!

"आज्जी, मी मूळ शोधलं," म्हणाला. "कंपनीनं केलेल्या कामांची यादी त्यांच्याच साइटवर आहे. व्हिडिओतले निम्मे खेळ त्या यादीत नाहीतच."

"मग मित्रांना सांगितलंस काय?"

थोडा वेळ गप्प. "एकाला सांगितलं. ग्रुपवर नाही टाकलं. उगाच सगळे माझ्या मागं लागतील."

मी काही बोलले नाही. मी तरी माठापाशी पाणी पिताना कुणाला काय सांगितलं होतं?

मागून नातीचा आवाज येत होता, मोठमोठ्यानं, हसत. फोन तिच्याकडं दे म्हटलं. आवाज सुरू करून खेळतीस काय ग आता, विचारलं.

"आमच्या आमच्यात, आज्जी. वर्गातल्या चौघी मिळून खेळतो तेव्हा. परक्यांत नाही."

"आणि नाव?"

"तेच आहे."